आधी क्लच की आधी ब्रेक

खर्रकन गिअर ओरडला, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. विट्याला मुलगी बघायला गेलो, तेव्हा तिच्या दारात, मी जिच्यावर ड्रायव्हर होतो ती मालकाची जीप थांबवताना माझ्याच हातून तो निघाला.

मुलीचे वडील फौजेतले ड्रायव्हर. पोहे खाताना त्यांनी विचारलं, “थांबताना आदी काय दाबतोस रं?”

सोबत आलेले माझे मामाच मध्ये बोलले, “क्लच.”

“न्हाई पाव्हणं. आदी ब्रेक, क्लच शेवटाला.”

“आन इंजान बंद पडलं तर?”

दोघं हट्टाला पेटले. शेवटी तिचे वडील माझ्याकडं वळले, “तूच सांग गड्या.”

मामांना खोटं पाडवेना, आणि पोहे देऊन गेलेली मुलगी तर मनात भरलेली, तिच्या वडलांनाही दुखवता येईना. म्हणालो, “मी दोन्ही पाय संगंच दाबतो.”

पोह्यांचं पातेलं घेऊन उभी असलेली मुलगी पुढं आली. तिनं माझ्याच बशीत आणखी पोहे वाढले आणि आत गेली.