बाबांच्या मोबाईलचं रोमिंग

रोमिंगच्या बिलावरून मीही एकदा कंपनीशी भांडलोय, पण त्यानंतर पुन्हा कधी भांडलो नाही.

बाबांच्या दहाव्याला रामकुंडावर कावळा काही पिंडाला शिवेना. आम्ही भावंडांनी सुचेल ते सगळं कबूल करून पाहिलं. शेवटी आई पुढे झाली आणि म्हणाली, "तुमचा मोबाईल बंद करणार नाही." तेव्हा कुठे कावळा शिवला.

म्हणून बाबांचा नंबर तसाच चालू ठेवला आणि हँडसेट बॅटरी काढून कपाटात ठेवून दिला. तरी पुढच्याच बिलात रोमिंग लावलेलं. मला असला फुकटचा भुर्दंड सहन होत नाही. कपाटातून हँडसेट काढला, हातात धरला आणि घरच्या लँडलाईनवरून कस्टमर केअरला फोन लावला.

ती मुलगी म्हणाली, "सर, तुमचा मोबाईल महाराष्ट्राबाहेर आहे, म्हणून इनकमिंगला चार्ज लागलाय."

"अहो मॅडम, मोबाईल माझ्या हातात आहे, इथे नाशकात. त्यात बॅटरीसुद्धा नाहीये."

"पण सर, त्याच्यावर रोज दुपारी एक कॉल येतो आणि तो उचललाही जातो."

"कोण करतंय रोज कॉल?"

तिने नंबर वाचून दाखवला. मी ज्या फोनवरून बोलत होतो, त्याचाच नंबर होता तो.

मागे वळून पाहिलं तर आई उभी होती, घड्याळाकडे बघत.

"तुझं भांडून झालं असेल तर ठेव आता," ती म्हणाली. "ते वाट बघत असतील."