ते पत्र माझं नव्हे

आदरणीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरचे आजी-माजी अधिकारी, प्रयोगशाळेतले माझे सहकारी आणि सुट्टीचा दिवस मोडून इथे आलेले आपण सारे, सर्वांना माझा नमस्कार.

आत्ताच अध्यक्षबाईंनी माझं मानपत्र वाचून दाखवलं. भाषा फार सुरेख आहे. त्यात मला ‘जागल्या’ म्हटलंय. गैरप्रकाराविरुद्ध पहिलं पत्र लिहिणारा निर्भीड कर्मचारी, असंही म्हटलंय. टाळ्या वाजत होत्या तेव्हा मी खिशातलं भाषण चाचपत होतो. मुलीनं लिहून दिलंय, छान आहे. पण ते आता वाचता येणार नाही, कारण ते पत्र मी लिहिलेलंच नाही.

हसू नका. विनयानं म्हणत नाहीये.

नव्या मंडळींना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. आपलं काम काय? गावभरच्या नळांवर जायचं, बाटल्यांत पाणी भरायचं आणि इथे आणून तपासायचं. एकदा गाडी बंद पडली. तेव्हाचे साहेब म्हणाले, “अहो, पाणी शेवटी एकाच टाकीतून येतं ना? आजच्या दिवस आवारातल्या नळावर भरून घ्या.” घेतलं भरून. तो ‘आजचा दिवस’ अकरा वर्षं चालला. चाळीस बाटल्या, एकच नळ. चिठ्ठ्यांवर मात्र चाळीस ठिकाणं. बाटल्या मी भरायचो आणि चिठ्ठ्याही मीच लिहायचो, अक्षर बरं आहे म्हणून.

मग मुख्य कार्यालयाला पत्र गेलं. निनावी, टाइप केलेलं. आता संशय माझ्यावरच का यावा? तर आदल्याच आठवड्यात पंख्यावरून माझं साहेबांशी वाजलं होतं. एवढं कारण पुरलं. मी प्रत्येकाला सांगत फिरलो, “मी नाही हो लिहिलं.” एक जण म्हणाला, “लिहिणारा असंच म्हणणार.” तेव्हा मला जागल्या म्हणत नव्हते, चहाडखोर म्हणत होते. जेवायला बसलो की शेजारचे डबे सरकायचे. माझी बदली बाटल्या धुण्याच्या खोलीत झाली.

घरीही बातमी पोचली. पत्नीनं विचारलं, “तुम्ही लिहिलंत ते पत्र?” मी नाही म्हणणार, तोच ती म्हणाली, “तुमच्यात एवढी धमक असेल असं मला वाटलं नव्हतं हो.” लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि असं ती पहिल्यांदा बोलत होती. मी आणखी एक पोळी मागून घेतली. ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. खरं काय ते तिलाही आत्ताच कळतंय, तेव्हा मी तिकडे बघत नाहीये.

पुढे चौकशी लागली. चौकशी करायला आलेल्या बाईंनी विचारलं, “पत्र तुमचं?”

“नाही.”

“आणि त्यात लिहिलंय ते?”

नाही म्हणता आलं असतं. पण तोवर सहा महिने मी एकटा बाटल्या धूत होतो आणि डोक्यात एकच होतं, की न केलेल्या गोष्टीसाठी हे सगळे मला छळतायत, मग ती मी केली का नव्हती? मी म्हटलं, “खरं आहे. बाटल्या मीच भरायचो.”

नंतर प्रत्येक नळाचं पाणी खरोखर तपासलं गेलं. टेकडीवरच्या वस्तीत जाणारा नळ गटाराशेजारी फुटलेला निघाला. तो बदलल्यावर तिथल्या एक बाई मला भेटायला आल्या. म्हणाल्या, “दादा, माझी लेक काविळीनं महिनाभर दवाखान्यात होती. तुम्ही होतात म्हणून नळ बदलला.” मी त्यांना पाणी विचारलं, बसा म्हटलं. त्या महिन्याची त्या नळाची चिठ्ठी माझ्या अक्षरातली होती, एवढं मात्र सांगितलं नाही. त्या हात जोडून गेल्या. मीही जोडले.

त्याच वर्षी कार्यालयानं मला लेखी ताकीद दिली, खोट्या चिठ्ठ्यांबद्दल. आज मानपत्र देताय. दोन्ही कागद एकाच फाइलीत आहेत आणि मला दोन्ही पटतात. जागल्या म्हणजे नक्की कोण हो? आधी बोलणारा? की विचारल्यावर खोटं न बोलणारा? आणि अकरा वर्षं झोपून मग जागा झालेल्याला काय म्हणायचं? मी पुष्कळ विचार केला, पण मला नीट उलगडत नाही.

पत्र लिहिणारी व्यक्ती कोण, मला आजही माहीत नाही. कदाचित याच सभागृहात असेल. आपण उठू नका. फक्त एक सांगतो, तुमच्या वाटची बोलणी मी खाल्ली आणि तुमच्या वाटच्या टाळ्याही मीच घेतल्या. पहिल्याबद्दल राग नाही. दुसऱ्याचं काय करायचं ते कळत नाही.

अध्यक्षबाई, ‘पहिलं पत्र लिहिणारा’ एवढे शब्द खोडता आले तर बघा. उरलेलं मी घरी नेईन, घरात घेतलं तर. आपण मला इथे बोलावलंत, इतका वेळ ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सांभाळून घ्या. त्यातलं उणं कुठलं आणि अधिक कुठलं, ते मात्र मला विचारू नका.