फोन न उचलणारे

(कानाच्या दवाखान्यातलं नोंदणीचं टेबल. मावशी इथल्या नर्स, भाची संगणकासमोर.)

मावशी : अगं, पण बायकोचं नाव यादीतून गेलं आणि नवऱ्याचं तेवढं राहिलं, हे कसं? अट दोघांना एकच ना?

भाची : एकच. तीनदा फोन केला, उचलला नाही, की नाव काढायचं. मोठ्या डॉक्टरांनीच सांगितलंय.

मावशी : मग तुझ्या प्रोग्रॅमला काय दया आली म्हाताऱ्याची?

भाची : दया कसली, माझी चूक! यादी नोंदणीच्या क्रमाने, आणि ही दोघं एकाच दिवशी आलेली, म्हणून एकाखाली एक. आजींचं नाव काढलं की खालचे सगळे एकेक घर वर सरकतात. आजोबा आजींच्या जागी आले, आणि मी पुढच्या घरात पाय टाकला.

मावशी : म्हणजे त्यांच्याकडे बघितलंच नाहीस.

भाची : नाही ना. आता दुरुस्त केलंय. नाव काढलं की जागचं हलायचं नाही, तिथंच पुन्हा बघायचं. चालवू?

मावशी : चालवलंस तर आजोबा जातील?

भाची : जाणारच. तिन्ही फोन वाया गेलेत. दीड वर्ष थांबले होते बिचारे, आता पुन्हा शेवटून सुरुवात.

मावशी : थांब जरा. ती माउली जाऊन दोन महिने झाले. तिचाही एक कान गेलेला, पण फोन तीच घ्यायची. मग आजोबांच्या कानाशी अशी ओरडायची, की मी इकडे रिसिव्हर लांब धरायचे.

भाची : मग आता फोन...

मावशी : वाजतो आणि थांबतो. त्यांना कुठं ऐकू येतंय! अगं, ही यादी कशाची आहे?

भाची : कानाच्या यंत्रांची.

मावशी : आणि आपण नाव कुणाचं काढतोय?

भाची : ज्यांना... फोन ऐकू येत नाही त्यांचं. अरे देवा!

मावशी : बहिऱ्याला हाक मारायची, आणि ओ दिली नाही म्हणून घालवून द्यायचं! फोन मीच फिरवत होते गं. एवढी वर्षं इथं काढली, पण डोक्यात प्रकाश पडला नाही. लाज वाटते मला.

भाची : अडतीस नावं काढलीत आपण, मावशी. जुनी यादी आहे माझ्याकडे. आजी सोडून सगळ्यांना परत घालते, ज्याच्या त्याच्या जागी. ती अटच काढून टाकते.

मावशी : डॉक्टरांशी मी बोलेन. त्यांचं ओरडणं माझ्या अंगवळणी पडलंय.

भाची : पण आजोबांचा नंबर परवाच लागतोय. त्यांना कळवायचं कसं?

मावशी : पत्ता वाच.

भाची : शाळेच्या मागची गल्ली, तळमजला.

मावशी : वाटेतच आहे. घरी जाताना वळते.

भाची : आणि दार वाजवलेलं तरी त्यांना ऐकू येणार आहे का?

मावशी : खिडकीसमोर उभी राहीन. कधीतरी बघतीलच.