जाणाऱ्यासाठी वाट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय पुरुषोत्तम अण्णा, व्यासपीठावर बसलेले मंडळाचे सर्व पदाधिकारी, ज्यांच्यासाठी आपण सगळे कामधंदे सोडून आलो आहोत त्या आमच्या सत्कारमूर्ती अंबुजाक्का, समोर बसलेले आजी-माजी पालक, आणि पुढे सतरंजीवर दोन बाजूंना मांडी घालून बसलेली अक्कांची बालसेना, सर्वांना माझा नमस्कार.

मी सुखदा. पुण्याहून सहा वर्षांपूर्वी नोकरीसाठी इथे, या कानडी मुलखात आले. अण्णांनी मला सात मिनिटं दिली आहेत आणि 'रडू नकोस म्मा' अशी तंबीही दिली आहे. रडणार नाही, अण्णा. रडण्यासारखं नाहीच ते. काय आहे ते मलाही अजून नीटसं सांगता येत नाही.

अक्कांचं जे. पी. नगरातलं पाळणाघर या महिनाअखेर बंद होतंय. अठ्ठावीस वर्षं चाललं. अक्का आता देवनहळ्ळीला, लेकाकडे, प्राणेशकडे राहायला जाणार. तिथे नातवाला सांभाळतील. म्हणजे निवृत्ती कसली? नुसती बदली झाली म्हणायची.

अक्कांनी आमच्या मुलांना काय शिकवलं, असं मला विचारलं तर मी म्हणेन, काहीच नाही. खरंच! तिथे फळा नव्हता, तक्ते नव्हते, टाळ्या वाजवून म्हणायची गाणी नव्हती. मोठी मुलं जेवून ताट उचलायची, ते बघून धाकटी उचलायची. अक्का पदराला हात पुसायच्या, तर मुली फ्रॉकला पुसायच्या. आमच्या ऑफिसात नव्या माणसाला आधी आठवडाभर नुसतं कोणाच्या तरी शेजारी बसवून ठेवतात, तसंच. माणूस सांगून शिकत नाही हो, बघून शिकतो. आमची आर्या चार वर्षांची आहे. सोफ्यावर बसताना 'हुश्श, देवा' म्हणते. हे आमच्या वेदांतचं, म्हणजे तिच्या बाबांचं. खेळण्यातला फोन कानाला लावून 'हो, मी म्यूटवर होते' म्हणते. ते कोणाचं, हे सांगायला नको.

हसा, हसा. मीही हसत होते.

अक्कांचं घर ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत एक लांबट पॅसेज आहे. लाल गुळगुळीत जमीन, एका बाजूला मातीची भांडी मांडलेला कट्टा, दुसऱ्या बाजूला कोरी भिंत. पहिल्याच दिवशी मी बघितलं, मुलं दूध प्यायला रांगेनं आत निघाली. पॅसेजच्या मध्यावर आली आणि सगळी थांबली. भिंतीला पाठ लावली, पोट आत घेतलं, खाली बघितलं. जरा वेळ तशीच उभी राहिली, आणि मग निघून गेली. गाडी जाईपर्यंत आपण गल्लीत कडेला उभे राहतो ना, तशी. मला इतकं कौतुक वाटलं! काय शिस्त आहे, म्हणून मी पालकांच्या ग्रुपवर लिहिलंसुद्धा. बावीस अंगठे आले.

मग आर्या घरीही तसंच करायला लागली. आमच्या फ्लॅटमध्ये बेडरूमकडे जाताना जेमतेम चार पावलांचा बोळ आहे. तिथे थांबायची, भिंतीला लागायची. लहान आहे, सोडून देईल, म्हणून मी दुर्लक्ष केलं. पण एका रविवारी वेदांत वाळलेल्या कपड्यांची बादली घेऊन आत चालला होता. मध्यावर तो थांबला, बादली पोटाशी धरली, भिंतीला टेकला आणि खाली बघितलं.

मी विचारलं, "अरे, कोणाला जागा दिलीस?"

"काय? कुठे?" म्हणाला. त्याला पत्ताच नव्हता. लेकीचं बघून बाप शिकला होता.

त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. मी आर्याला जवळ घेतलं आणि विचारलं, "बाळा, तू बाजूला कोणासाठी होतेस?"

"जाणाऱ्यासाठी."

"कोण जातं?"

"मला काय माहीत?" आर्या म्हणाली. "आपण खाली बघायचं असतं ना!"

सभागृहातल्या आजी-माजी पालकांनो, तुम्ही एकमेकांकडे बघताय, म्हणजे हे तुमच्याही घरात आहे. मला वाटलंच होतं.

मी शोध घ्यायचा ठरवला. माझं कामच ते आहे, चूक कुठून सुरू झाली ते मागे मागे जात शोधायचं. आर्या शिकली तिच्या आधीच्या मुलांकडून, ती त्यांच्या आधीच्यांकडून. असं करत मी रविकिरणपर्यंत पोहोचले. रविकिरण म्हणजे अक्कांच्या पाळणाघरातलं पहिलं मूल. त्याचा राजाजीनगरात दातांचा दवाखाना आहे, आणि आज तो तिथे मागे बसला आहे. मी विचारल्यावर तो हसला. म्हणाला, "मी अक्कांचं बघून शिकलो. अक्का रोज थांबायच्या, म्हणून मीपण."

मला हायसं वाटलं. म्हणजे सवय अक्कांची. घरात कोणी म्हातारं माणूस भिंत धरून चालत असेल, त्याला वाट द्यायची सवय लागली असेल, एवढंच. मी अक्कांकडे गेले. अक्का चपात्या लाटत होत्या. मी विचारलं तसं त्यांचं लाटणं थांबलं.

"मी नाही म्मा," त्या म्हणाल्या. "रविकिरणानं सुरू केलं. अडीच वर्षांचं पोर, पहिल्याच दिवशी तिथं जाऊन भिंतीला लागलं. मला वाटलं, लेकराला काही दिसतंय. आपणही स्वल्प बाजूला झालं तर काय जातंय? सरी, बरं बाबा, म्हटलं, आणि झाले बाजूला. तेव्हापासून एक दिवस चुकवला नाही. चुकवायची छातीच झाली नाही."

ऐकलंत ना? तो यांच्याकडून शिकला आणि या त्याच्याकडून. मग सुरुवात कोणी केली? अठ्ठावीस वर्षं शेकडो मुलं कोणासाठी भिंतीला लागत होती? आणि त्यातल्या एकानंही, एका दिवशीही, मान वर करून कसं बघितलं नाही?

इथे माझी चूक झाली. अध्यक्षमहाराज, ती कबूल करायलाच मी आज माइक मागितला. गुणगौरव करायला माझ्याहून चांगले वक्ते मंडळात आहेत.

मी विचार केला, मुलं बघून शिकतात ना? मग मी दाखवते. तिथे काही नाही हे आर्याला एकदा डोळ्यांनी दिसू दे. गेल्या शुक्रवारी चार वाजता, दुधाच्या वेळेला, मी मुद्दाम गेले. मुलं रांगेनं निघाली, मध्यावर थांबली, भिंतीला लागली. आर्या शेवटून तिसरी होती. आणि मी हॉलच्या दारातून पॅसेजमध्ये शिरले, आणि सरळ मधून, ताठ मानेनं, सगळ्यांच्या समोरून चालत गेले.

काही झालं नाही. वारा आला नाही, दिवा गेला नाही. कुकरची शिट्टी होत होती, ती होत राहिली. स्वयंपाकघराच्या दारात पोहोचून मी वळून बघितलं आणि म्हणाले, "बघितलंत? काही नसतं!"

मुलांनी बघितलं नव्हतं. ती खाली बघत होती. मी पुढे गेले तशी एकेक जण भिंतीपासून सुटली आणि निघाली. नेहमीसारखीच. फक्त इतकी वर्षं ती उगाच थांबत होती, आणि त्या दिवशी त्यांच्यासमोरून खरोखर कोणीतरी गेलं होतं.

अक्का दुधाचे पेले घेऊन बाहेर येत होत्या. मला समोर बघून त्या थबकल्या. मग ट्रे पोटाशी धरून दाराच्या कडेला झाल्या, आणि त्यांनी खाली बघितलं.

त्या आत्ताही माझ्याकडे बघत नाहीयेत. अक्का, मी रागावलेली नाही. तुमचा दोष नाही. तुम्ही माझ्या लेकीला भरवलंत, तापात दिवसदिवस मांडीवर घेतलंत, मी कामावर बिनघोर गेले ती तुमच्या जिवावर. तुमचे उपकार मी कसे विसरेन?

पण मला माझी मुलगी परत हवी आहे. गेल्या शुक्रवारपासून, म्हणजे आज आठ दिवस, मी खोलीत आले की आर्या भिंतीला लागते. पोट आत घेते, खाली बघते, आणि मी निघून जाण्याची वाट बघते. मी हात पुढे केला तर तो घेत नाही. रडत नाही, घाबरलेली दिसत नाही, रस्त्यात कडेला उभं राहावं तशी शांत उभी असते. परवा मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि पंधरा मिनिटं तशीच बसून राहिले. तीही पंधरा मिनिटं तशीच उभी होती. आणि काल वेदांत तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला.

अण्णा, तुम्ही घड्याळाकडे बघताय. आवरतेच.

मंडळानं हे सभागृह दिलं, हर्षितानं हार-तुऱ्यांची धावपळ केली, तुम्ही सर्वांनी शनिवारची संध्याकाळ मोडून माझं ऐकून घेतलंत, याबद्दल मनापासून आभार. अक्कांना देवनहळ्ळीत उदंड आयुष्य आणि निवांत झोप लाभो. समारंभाला न शोभणारं काही बोलून गेले असेन, तर आपल्याच घरातली पोरगी बोलली असं समजून पोटात घाला.

आता मला खाली उतरून सतरंजीच्या मधून माझ्या जागेवर जायचं आहे. एवढंच करा, कोणी उठू नका. मुलांनो, पाय आत घेऊ नका, मागे सरकू नका. आर्या, दुसऱ्या रांगेत आहेस ना तू? मान वर कर, राणी. माझ्याकडे बघ.

आई येतेय.