पाठमोरा फोटो

क्वालालंपूरच्या निर्वासितांच्या दवाखान्यात म्यानमारमधून पळून आलेल्या चिन जमातीच्या दोन बायका रांगेत उभ्या होत्या. त्यांच्याच मुलखातली दुभाषी दॉत सुंग नंबर पुकारायचा सोडून कान टवकारून ऐकत होती.

“सुई तियाल, भिंतीवरच्या फोटोतली ही इस्त्रीच्या कपड्यातली बाई कोण गं?”

“स्वयंसेविका. फार राबली बिचारी! चार-चारदा तांदळाचं पोतं दिलं मला.”

“मग चंगळ आहे की तुझी!”

“पोतं एकच गं. फोटोत तिचं हसू मनासारखं येईना.”

“आणि तू कुठेयस?”

“ही काय, पाठ! पोलिसांनी ओळखू नये म्हणून आपले चेहरे घेत नाहीत. केवढा जीव आपल्यावर!”

“गावी आईला पाठवलास?”

“पाठवला ना.”

“तिनं तरी ओळखलं?”

“लगेच. म्हणाली, ‘किती वाळलीस गं!’”