उभ्या गाड्यांच्या आडून

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या कचेरीचे प्रमुख अरविंदराव गुप्ते साहेब, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती जयवंतभाऊ पागधरे, पहिल्या रांगेत संकोचून बसलेल्या त्यांच्या पत्नी लीलावहिनी आणि इतक्या उकाड्यातही जागा न सोडणाऱ्या बंधुभगिनींनो,

मी रजनी वर्तक, इथल्या प्राथमिक शाळेतली शिक्षिका. वर्गात माझा आवाज ओढ्यापलीकडे जातो म्हणे. आज मात्र तो पहिल्या रांगेपर्यंत पोचला तरी पुष्कळ. मी घाबरले आहे. कशाला, ते सांगते. पण आधी ज्यांचा मान त्यांना देऊ द्या.

आपण सिलवासात आलो ते कुठून कुठून. कोणी मुंबईचे, कोणी रत्नागिरीचे, मी वसईची. कच्चे रस्ते आणि सगळ्या कचेरीत मिळून एक जीप. ती जयवंतभाऊंनी चालवली. त्यांच्याबद्दल सगळ्यांची तक्रार एकच. रस्त्याकडेला गाडी उभी दिसली, की हा माणूस बैलगाडीच्या चालीवर येतो! "भाऊ, रस्ता मोकळा आहे की," म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "रस्ता मोकला हाय, पन गाडीमागं कोन हाय ते मना दिसतं का?"

गेल्या उन्हाळ्यात परीक्षेसाठी आम्ही गलोंड्याला निघालो होतो. बाजाराचा दिवस. आपल्याकडे बाजाराला आलेली माणसं उन्हाची टेकतात कुठं? उभ्या ट्रकच्या सावलीला. तसाच एक ट्रक उभा होता. भाऊंनी वेग उतरवला आणि त्याच क्षणी ट्रकच्या पुढून एक बाई डोक्यावर भारा घेऊन थेट आमच्यासमोर आली. जीप थांबली, तेव्हा त्या बाईचा हात बॉनेटवर टेकलेला होता. ती हसली आणि निघून गेली. भाऊ मात्र खाली उतरले आणि रस्त्यातच बसले. मला म्हणाले, "बाई, मना भ्या वाटतं म्हनून मी हलू हाकतो. ज्या दिशी भ्या वाटायचं नाय, त्या दिशी चावी परत करीन."

टाळ्या नंतर वाजवा, मला अजून बोलायचंय.

आता आपली रीत. ड्रायव्हर निवृत्त झाला, की त्या दिवशी त्याला हार घालून मागं बसवायचं आणि साहेबांनी स्वतः गाडी चालवत घरी पोचवायचं. किती सुंदर रीत! साहेब, आपण त्यासाठी मुद्दाम गाडी शिकलात, हा आपला मोठेपणा. पण आपण शिकलात ते पोलिसांच्या मैदानात. तिथं कडेला गाड्या उभ्या होत्या का? आज बाहेर पाहुण्यांच्या गाड्या, दोन ट्रक, टांगे, सगळे दाटीनं उभे आहेत. त्यात दिवेलागण झालेली.

आणि साहेब, लहान तोंडी मोठा घास घेते. आपल्यासमोर बोलायची मला भीती वाटते, पण न बोलण्याची त्याहून जास्त वाटते. मी बोलायला उठले तेव्हा आमच्या शाळेतल्या शोभाताई कानाशी येऊन कौतुकानं म्हणाल्या, "रजनी, गंमत बघ हं! तुझ्या चौथीच्या मुली फुलं घेऊन गाड्यांच्या आड लपल्यात. जीप आली की एकदम धावत पुढं येणार."

तेव्हापासून मी इथं उभी आहे आणि मला त्या बाईचा बॉनेटवरचा हात दिसतो आहे. हसताय? हसा. माझ्या मुली आहेत हो त्या! साहेब, आपला पाय ब्रेकवर पोचेपर्यंत त्या पोचलेल्या असतील. रीत मोडा असं मी म्हणत नाही. आधी मुलींना आत आणा, एवढंच हात जोडून...

अरे, जयवंतभाऊ कुठं गेले? हार खुर्चीवरच आहे. धावत गेले? मग मला काळजी नाही.

काय म्हणालात, साहेब? सगळ्यांनी चालत जायचं, भाऊंच्या घरापर्यंत? लीलावहिनी, डोळे पुसा, साहेब स्वतः चालत येताहेत तुमच्या दारी.

त्या बघा, दारातून येताहेत मुली. एक, दोन... थांबा, मला सगळ्या मोजू द्या.

आहेत. सगळ्या आहेत.

आयोजकांची ऋणी आहे, साहेबांची त्याहून अधिक. बोलताना मर्यादा सुटली असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर शिक्षिकेची भीती समजून पदरात घ्या. आणि जयवंतभाऊ, तुमची चावी आज परत झाली. ते भ्या मात्र आमच्यापाशी ठेवून जा.