हरणाऱ्यांची सोडत

(टोलेडो, ओहायो. एप्रिलअखेरच्या शनिवारची दुपार. काझ ग्रबोव्स्कीचं स्वयंपाकघर. त्याची थोरली बहीण स्टेफा मासे तळते आहे. मुलगी रेनाटा, गावच्या बास्केटबॉल संघाच्या ऑफिसात नोकरीला, कोट न काढताच टेबलाशी बसली आहे.)

काझ : नाही म्हणजे नाही. तुझ्या साहेबाला सांग, मी काही शोभेची बाहुली नाही, उचलली आणि स्टेजवर ठेवली.

रेनाटा : बाबा, मान असतो तो. सोडतीच्या दिवशी प्रत्येक संघ एक माणूस पाठवतो, शुभशकुनाचा. कुणी जुना खेळाडू पाठवतं, कुणी मालकाची नात. आमच्याकडे सगळ्यांनी एकमतानं तुझं नाव घेतलं. संघ या गावात आल्यापासून तू मैदानात त्याच खुर्चीवर बसतोयस.

काझ : मग त्याच खुर्चीवर बसू दे की. दुसरी कशाला देताय?

स्टेफा : कसली सोडत? घरांची?

काझ : हरणाऱ्यांची, स्टेफा. वर्षभर जे सपाटून आपटले त्यांच्यासाठी बक्षिसाची सोडत. आपला संघ, फर्नेसवाले, आपटले ना यंदा? आता नटूनथटून बक्षीस घ्यायला जायचं आणि वर माझा चेहरा दाखवायचा.

स्टेफा : हरल्याबद्दल बक्षीस? आमच्या बेकरीत असं असतं तर मी रोज पाव जाळला असता.

रेनाटा : तसं नाही गं आत्या. कॉलेजातून नवीन पोरं येतात दरवर्षी. त्यातलं सगळ्यात चांगलं पोरगं कुणाला मिळावं? जो दुबळा आहे त्याला, म्हणजे पुढे सगळे सारखे होतील. विचार चांगलाच आहे. पण मग लोक मुद्दाम हरायला लागले, म्हणून लीगनं सोडत काढली. यंत्रात चेंडू फिरतात, त्यावर आकडे. तळाच्या संघांना जास्त आकडे, वरच्यांना कमी. पण कोणाचा येईल ते नशीब.

काझ : आणि तरी लोक हरतच होते. ते पण सांग.

रेनाटा : सांगते ना. म्हणून नियम बदलला. आता तळाच्या तिघांना अगदी सारखीच संधी. सगळ्यात वाईट असून काही जास्त मिळत नाही.

काझ : म्हणजे पूर्वी एकाच संघाला शेवटचा नंबर लावायला धडपडावं लागायचं, आता तिसरा लावला तरी भागतं. वाईट असणं स्वस्त केलंत तुम्ही. वा रे शिक्षा!

स्टेफा : रेनाटा, कोट काढ. मासा घे. पर्च आहे, सकाळीच आणलाय.

रेनाटा : नको आत्या, मला निघायचंय.

काझ : तिला निघायचंय. माझा होकार खिशात घातला की निघणार.

रेनाटा : बाबा, दरवर्षी वसंत आला की तूच बोंब मारायचास ना? ना धड वर, ना धड खाली. एखादा मोठा खेळाडू आल्याशिवाय या संघाचं काही खरं नाही, हे कुणाचं वाक्य?

काझ : माझं. मोठा खेळाडू आणा म्हणालो होतो. असलेल्यांना बाकावर बसवा म्हणालो नव्हतो.

रेनाटा : कुणी कुणाला हरायला सांगितलेलं नाही.

काझ : तेच तर! सांगत कुणीच नाही. खेळाडू हरायला खेळत नाही, त्याच्या रक्तातच नाही ते. कोच सांगत नाही, त्याला लाज वाटते. तुम्ही मैदानाच्या वर काचेच्या खोलीत बसता आणि कुणी खेळायचं नाही याची फक्त यादी खाली पाठवता. आज डेव्हॉनचा गुडघा. उद्या क्विन्सीची पाठ. रविवारी तोच डेव्हॉन मला गॅसपंपावर दिसला. पोरीला खांद्यावर घेऊन नाचत होता. मी म्हटलं, गुडघा कसा आहे? बिचारा खाली बघायला लागला.

स्टेफा : मग लीगवाले दंड करत नाहीत?

रेनाटा : करतात. धडधाकट माणूस बसवला तर करतात.

काझ : म्हणून धडधाकट माणसाला गुडघा देतात.

स्टेफा : अगो बाई.

रेनाटा : ठीक आहे, बाबा. तुझं सगळं खरं. पण हे मी ठरवत नाही. मी त्या ऑफिसात सगळ्यात खालच्या टेबलावर बसते.

काझ : त्या रात्री कुठे बसली होतीस?

रेनाटा : कुठल्या रात्री?

काझ : कुठल्या म्हणे. घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. ओमाहाशी. हिला आठवत नाही, स्टेफा.

स्टेफा : तोच का, ज्या रात्री तू घसा बसवून आलास आणि मला फोनवर नुसता खरखरत होतास?

काझ : तोच. ऐक तू. यांचे सगळे चांगले खेळाडू बाकावर. मैदानात कोण, तर एमरी टिब्ज. खालच्या लीगमधून उसना आणलेला पोरगा, शर्टावर नाव शिवायलाही यांना वेळ मिळाला नव्हता. एका गुणानं मागे. घड्याळ संपत आलेलं. पोरानं अर्ध्या मैदानातून चेंडू भिरकावला. भोंगा वाजला तेव्हा चेंडू हवेत होता. आणि गेला, स्टेफा. जाळीला नुसता स्पर्श करून गेला. मी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. हिच्या आईच्या, हलिनाच्या खुर्चीवर आता माझा कोट ठेवलेला असतो, तो उचलून हवेत फिरवला. वर्षभरात पहिल्यांदा वाटलं, ती असती तर हसली असती.

रेनाटा : बाबा...

काझ : थांब. आणि मग मी वर बघितलं. काचेकडे. म्हटलं, माझी पोरगी वर आहे, तिला हात करू. तर सगळी काच डोक्याला हात लावून बसलेली. तुझा साहेब, त्याचा साहेब, आकडेमोड करणारी ती पोरं. आणि त्यांच्या कडेला तू. तुझेही दोन्ही हात डोक्याला.

स्टेफा : म्हणजे जिंकले म्हणून?

काझ : जिंकले म्हणून.

रेनाटा : हो. लावले होते हात. खोटं नाही बोलणार. तो चेंडू गेला नसता तर आमचा शेवटून तिसरा नंबर पक्का होता. तो गेला आणि आमची आणि ओमाहाची बरोबरी झाली. दोघांचे विजय शेवटपर्यंत सारखे. साहेब म्हणाला, एका पोरानं वर्षाची मेहनत पाण्यात घातली.

काझ : मेहनत! ऐकलंस? हरायची मेहनत.

स्टेफा : आणि बरोबरी झाली तर कुणाला काय?

रेनाटा : दोन जागांचे आकडे एकत्र करतात आणि अर्धे अर्धे वाटतात. आमच्या वेळी बेरीज विषम आली. एक आकडा उरला.

स्टेफा : शेवटच्या वडीसारखा.

रेनाटा : हो. तो कुणाला, त्यासाठी लीगनं नाणेफेक केली. नाणं जिंकेल त्याला उरलेला आकडा, आणि सोडतीत दोघांचंही नाव नाही निघालं तर आधी निवडायचा हक्कही त्याला. साहेबानं त्या दिवशी सकाळपासून कुणाला बोलू दिलं नाही. हरलो आम्ही.

काझ : बघ. अख्ख्या हंगामात ते नाणंच तेवढं मनापासून खेळलं. त्याला यादी पाठवता आली नाही ना तुम्हाला.

स्टेफा : आणि तो पोरगा? ज्यानं बास्केट केली?

काझ : विचार. तिलाच विचार.

रेनाटा : दुसऱ्या दिवशी सोडला त्याला. बाहेरगावचा एक सामना बाकी होता.

स्टेफा : का?

काझ : पुन्हा टाकेल म्हणून!

रेनाटा : बाबा, ओरडू नकोस.

काझ : ओरडणार. हे माझं स्वयंपाकघर आहे. तुमच्या काचेत मला ओरडता येत नाही, खाली ओरडलो तर तुम्ही वर डोकं धरून बसता. मग ओरडू कुठे? त्या पोरानं काय केलं? ज्यासाठी ठेवला होता ते केलं. आणि या गावात वर्षभरात एकदा चार माणसं आनंदानं नाचली, तर तुम्ही त्याची उचलबांगडी केलीत. कुणी सांगितलं त्याला? साहेबाचं तोंड होतं का सांगायला?

रेनाटा : मी सांगितलं.

स्टेफा : तू?

रेनाटा : साहेबाची मीटिंग होती. मला म्हणाले, विमानाचं तिकीट दे आणि दारापर्यंत सोड. पोरगा शांत होता. बॅग भरलेलीच होती त्याची, त्या लोकांची असतेच. दारात थांबला आणि म्हणाला, मॅडम, माझं काही चुकलं का? मला खरंच कळलं नाही, पुढच्या ठिकाणी सुधारेन.

काझ : आणि तू काय म्हणालीस?

रेनाटा : म्हणाले, छान खेळलास.

काझ : आणि?

रेनाटा : आणि तिकीट दिलं. दुसरं काय देणार? तेव्हापासून झोप नाही मला. तू इथे बसून ओरडतोस, तुला निदान ओरडता येतं. मी कुणावर ओरडू? चेंडू जाळीत गेला त्या क्षणी मलाही आधी आनंदच झाला होता. उभी राहणार होते. मग शेजारी बघितलं आणि हात कुठे ठेवावेत ते कळेना. डोक्यावर ठेवले.

(स्टेफा कढईतला मासा उलटते.)

स्टेफा : कोट काढ, पोरी.

रेनाटा : काढते.

स्टेफा : आणि काझ, तूही काही लपवू नकोस. वर्षभर खुर्च्या सोडतो, खुर्च्या सोडतो म्हणून माझं डोकं खाल्लंस. ती गोष्ट तिला सांग.

रेनाटा : खुर्च्या सोडतोयस? दोन्ही?

काझ : दोन्ही. पुढच्या हंगामाचे पैसे भरायची मुदत सोमवारी संपते. हरणारा संघ मी बघू शकतो, जन्मभर तेच बघितलं. तुझ्या आईनं आणि मी काय काय हरलेलं बघितलंय, कुणाला खोटं वाटेल. कुरकुरत घरी यायचो, ती चहा टाकायची, मी कोचला शिव्या घालायचो. पण आमच्यासारखंच संघवाल्यांनाही लागलेलं असायचं. आता मला लागतं आणि त्यांना बरं वाटतं. अशा घरात पैसे भरून कशाला बसू?

रेनाटा : आईची खुर्ची कुणी दुसरा घेईल.

काझ : घेऊ दे.

रेनाटा : नको. बाबा, नको घेऊ देऊ.

काझ : मग स्टेजवर जाऊन हसू का? आपल्या संघाच्या नावाचं पाकीट उघडलं की कॅमेऱ्याकडे बघून मान डोलवू? त्या टिब्जला बोलवा म्हणावं. शुभशकुन हवाय ना? तुमच्या अख्ख्या संघात त्याच्याइतकं नशीबवान कोण आहे?

रेनाटा : साहेबाला काय सांगू मी?

काझ : सांग, बाप आजारी आहे.

रेनाटा : काय झालंय बापाला?

काझ : गुडघा.

स्टेफा : कुठला रे?

काझ : डेव्हॉनचा होता तोच. आता माझ्याकडे आलाय.

रेनाटा : हसू नकोस आत्या. नोकरी जाईल माझी. खरंच जाईल, साहेबानं लीगला तुझं नाव कळवून टाकलंय.

काझ : जाईल?

रेनाटा : जाऊ शकते. सांगीन मी. गुडघ्याचं नाही सांगणार. सांगीन, बाप येत नाही, आणि का येत नाही तेही सांगीन. टिब्जचं नाव घेऊन.

काझ : एवढं कशाला करतेस?

रेनाटा : त्यानं मला विचारलं होतं, काही चुकलं का म्हणून. उत्तर राहिलंय द्यायचं.

स्टेफा : खा आता दोघंही. लिंबू घ्या.

रेनाटा : बाबा, सोमवारी मुदत संपते म्हणालास ना? एक खुर्ची माझ्या नावावर कर. आईची. पैसे मी भरते.

काझ : तुला वर काचेत फुकट जागा आहे. खायला असतं, प्यायला असतं.

रेनाटा : कदाचित नसेल पुढच्या वर्षी. असली तरी खाली येईन.

काझ : खाली थंडी असते. खुर्ची डुगडुगते. हलिना पाय लावून धरायची.

रेनाटा : मीही धरीन.

काझ : आणि हरतील ते. नवा पोरगा आला तरी हरतील, आधी दोन वर्षं तरी.

रेनाटा : मग कुरकुरत घरी येऊ. चहा मी टाकीन.

स्टेफा : हो म्हण रे. मासा गार झाला.

काझ : कोट मी माझ्या मांडीवर घेईन मग. पण एक सांगून ठेवतो.

रेनाटा : काय?

काझ : आपल्या एखाद्या पोरानं बास्केट केली, तर हात डोक्याला नकोत.